साडेपाचशे किलोच्या गाडीला कोणते टायर?

पत्राचा सारांश : नोकरीनिमित्त इंग्लंडच्या मिडलंड्स भागात स्थायिक झालेल्या एका वाचकाने दोन हिवाळे खपून आपल्या गॅरेजमध्ये लोटस ‘सेव्हन’ या छोट्या उघड्या गाडीच्या धर्तीची, सुट्या भागांतून जुळवायची किट स्पोर्ट्‌स कार स्वतःच्या हाताने उभी केली आहे. गाडीचे वजन सुमारे 550 किलो, इंजिन 1600 सीसीचे, ताकद 135 हॉर्सपॉवर, जोर मागच्या चाकांना. एबीएस नाही, ट्रॅक्शन कंट्रोलही नाही. 13 इंची चाके आणि त्यांवरचे 185/60 आर13 टायर (रुंदी 185 मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या 60 टक्के, रिम 13 इंची) त्यांनी दुसऱ्या एका मालकाकडून वापरलेले घेतले. टायरवर 2314 हा आकडा आहे आणि खाचा अजून 5 मिलिमीटर खोल आहेत. ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी, तापमान सात-आठ अंश असताना, ओल्या राउंडअबाउटवर गाडीचा मागचा भाग सुटला आणि गाडी गरकन उलटी फिरली. इजा कुणालाच झाली नाही, पण शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीने त्यानंतर गाडीत पाऊल ठेवलेले नाही. त्याच आठवड्यात चाकांचे बॅलन्सिंग करून घेतले होते आणि दुकानदाराने ‘हवा फारच कमी होती’ म्हणून चारही टायरांत 30 पीएसआय हवा भरून दिली होती, असा ओझरता उल्लेख पत्रात आहे. तशाच गाड्या असलेले मित्र म्हणतात की या गाडीला टोयो आर888आरसारखे सेमी-स्लिक, म्हणजे ट्रॅकसाठीचे, मऊ रबराचे आणि मोजक्या खाचांचे टायरच हवेत. त्यांतले एक जण 195/50 आर15 मापाचे वापरलेले सेमी-स्लिक 15 इंची रिमांसकट द्यायला तयार आहेत. वर्षाकाठी धाव सुमारे 2,500 मैल : डोंगराळ पीक डिस्ट्रिक्टमधल्या रविवारच्या फेऱ्या, वर्षातून एकदा वेल्स, आणि एक-दोन ट्रॅक डे, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी पळवायचे दिवस. सेमी-स्लिक घ्यावेत का, आणि घ्यायचेच तर ते 15 इंची घ्यावेत का, असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर :

नमस्कार.

तुमचा प्रश्न टायरच्या जातीचा आणि मापाचा आहे, पण पत्र दुसऱ्यांदा वाचताना माझे लक्ष त्या 30 पीएसआयच्या वाक्यावरच अडकून राहिले. गाडी घसरली, म्हणजे टायरची पकड कमी पडली, म्हणजे जास्त चिकट टायर हवेत, अशी तुमची मांडणी आहे. यातले पहिले दोन दुवे बरोबर आहेत, तिसरा मात्र आपोआप येत नाही. पकड का कमी पडली हे आधी पाहिले नाही, तर नव्या आणि महाग टायरांवरही गाडी त्याच राउंडअबाउटवर पुन्हा फिरू शकते, आणि सेमी-स्लिक घेतलेत तर थंडीच्या ओल्या सकाळी ती शक्यता वाढते.

दुकानदाराला दोष देण्याचे कारण नाही. त्याच्याकडे दिवसभर तेराशे-चौदाशे किलोच्या गाड्या येतात आणि त्यांना 30 ते 34 पीएसआय हवा लागतेच. शिवाय टायर रिमवर नीट बसावा म्हणून सुरुवातीला हवा जास्त भरावी लागते आणि मग ती कमी करायची असते. त्याने 18च्या आसपास पीएसआय पाहिले असतील आणि टायर पंक्चर आहे की काय, असे त्याला वाटले असणार. तुमच्या गाडीचा हिशेब मात्र निराळा आहे. 550 किलो गाडी, तुम्ही आणि टाकीतले पेट्रोल धरून साधारण 650 किलो, म्हणजे एका चाकावर 160 किलोच्या आसपास. 30 पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 2.1 किलो. या दाबाने 160 किलो पेलायला सुमारे 76 चौरस सेंटिमीटर रबर रस्त्याला टेकले की पुरते. हाच दाब 18 पीएसआयवर आणला की तेवढ्याच वजनाला सुमारे 126 चौरस सेंटिमीटर लागतात. टायरची बाजूची भिंत काही भार स्वतः उचलत असल्यामुळे प्रत्यक्षातला फरक इतका मोठा नसतो, पण दिशा हीच असते. तुमची गाडी त्या सकाळी फुगवलेल्या, मधोमधच टेकणाऱ्या टायरांवर उभी होती. अशा गाड्यांना थंड अवस्थेत 18 ते 20 पीएसआय हवा हा नेहमीचा आरंभबिंदू आहे, आणि तुमच्या किटच्या पुस्तिकेतही त्याच्या जवळपासचाच आकडा सापडेल.

एवढ्याने गाडी फिरली, असे मी म्हणत नाही. दुसरे कारण तुमच्या टायरच्या भिंतीवर छापलेले आहे. 2314 म्हणजे 2014 सालचा 23 वा आठवडा. टायरला दहा वर्षे उलटून गेली आहेत. खाचा 5 मिलिमीटर आहेत याचा तुम्हाला दिलासा वाटतो, आणि कायद्याच्या दृष्टीने तो रास्तही आहे. ब्रिटनमध्ये टायरच्या मधल्या तीन-चतुर्थांश रुंदीवर, संपूर्ण घेरात, किमान 1.6 मिलिमीटर खोली लागते, आणि त्याखाली गेल्यास दर टायरमागे 2,500 पौंडांपर्यंत दंड आणि परवान्यावर 3 गुण लागतात. तुम्ही त्या मर्यादेपासून दूर आहात. पण रबर नुसते झिजत नाही, ते वाळतेही. त्यातली तेले हळूहळू उडून जातात, हवेतल्या प्राणवायूने ते कडक होते आणि खडीच्या बारीक उंचसखलपणात शिरण्याची त्याची क्षमता जाते. ओल्या, गार डांबरावर खरी पकड त्या शिरण्यातूनच येते. ब्रिटनने 1 फेब्रुवारी 2021 पासून मालमोटारी, बस आणि कोच यांच्या पुढच्या चाकांवर दहा वर्षांहून जुने टायर वापरायला बंदी केली. खाजगी मोटारींना ती लागू नाही. पण मालमोटारीचे टायर सहसा वय होण्याआधीच झिजून बदलले जातात आणि तुमच्यासारख्या गाडीचे कधीच झिजत नाहीत, हे लक्षात घेतले तर त्या नियमामागचे कारण तुमच्या टायरांनाच जास्त लागू पडते.

हलक्या किट कारच्या मालकांना मी हे पुन्हापुन्हा सांगतो : तुमचे टायर झिजून नव्हे, म्हातारे होऊन मरतात. वर्षाला 2,500 मैल म्हणजे सहा वर्षांत 15,000 मैल, तेही निम्म्याहून कमी वजन पेलून. तेव्हा 40,000 मैल टिकणाऱ्या कडक रबराचे पैसे मोजण्यात तुमचा काहीच फायदा नाही. इथे तुमच्या मित्रांचा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. टायरच्या भिंतीवर ‘ट्रेडवेअर’ म्हणून जो अमेरिकन पद्धतीचा आकडा छापलेला असतो, त्यात 100 हा तुलनेचा पाया असतो आणि 200 म्हणजे त्याच्या दुप्पट टिकणारा. घरगुती गाडीच्या टायरवर हा आकडा तीनशे-चारशेच्या घरात असतो आणि आर888आरवर 100. तुमच्या गाडीला चारशेचा टायर नकोच. प्रश्न इतकाच आहे की शंभरपर्यंत खाली जायचे की मध्ये कुठेतरी थांबायचे.

मध्येच थांबा, असे माझे मत आहे, आणि त्याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण उष्णतेचे. सेमी-स्लिकचे रबर तापल्यावर काम करते. ट्रॅकवर दोन-तीन फेऱ्या जोरात मारल्या, हाताला चटका बसेल इतका टायर तापला, की त्याची पकड तुम्ही आजवर अनुभवली नसेल अशी लागते. पण टायर तापतो तो त्याच्यावरच्या भारामुळे, आणि भार द्यायला तुमच्या गाडीकडे वजनच नाही. तुमच्या मित्रांच्या गाड्याही हलक्याच आहेत, त्यामुळे जुलैच्या कोरड्या दुपारी किंवा ट्रॅकवर त्यांना जो अनुभव आला तो खोटा नाही. पण मार्चच्या सकाळी पीक डिस्ट्रिक्टमधल्या बक्स्टनच्या बाजूला चढताना तुमचा टायर कोमटही होणार नाही. सात अंशांच्या खाली उन्हाळी रबर कडक होऊ लागते हे सगळे टायर उत्पादक सांगतात. सेमी-स्लिकच्या बाबतीत काही उत्पादक आणखी एक इशारा देतात : गोठणबिंदूच्या आसपास हे टायर वापरू नका, गार असताना ते वाकवले तर त्यांना तडे जाऊ शकतात. म्हणजे ते लावलेत तर हिवाळ्यात गाडी बाहेर काढणेच नव्हे, बिनहीटरच्या गॅरेजमध्ये इकडून तिकडे ढकलणेही विचार करून करावे लागेल.

दुसरे कारण पाण्याचे, आणि इथे हलक्या गाडीची कोंडी होते. 1960च्या दशकात अमेरिकेच्या नासा संस्थेने विमानांच्या टायरांवर प्रयोग करून एक साधे सूत्र काढले : टायरमधल्या हवेच्या पीएसआयमधल्या दाबाचे वर्गमूळ घ्या, त्याला 9ने गुणा, म्हणजे टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग नॉटमध्ये (ताशी सागरी मैलांत) मिळतो. 30 पीएसआयला तो ताशी 57 मैलांच्या आसपास येतो आणि 18 पीएसआयला 44. हे सूत्र खाचा पाण्याने पूर्ण भरलेल्या असतानाचे आहे आणि मोटारीच्या टायरला ते तंतोतंत लावू नये, पण त्यातला धडा तुमच्या गाडीला चपखल बसतो. कोरड्या आणि नुसत्या ओल्या रस्त्यावर पकड हवी म्हणून आपण दाब खाली आणतो, आणि त्याच दाबाने साचलेल्या पाण्यात गाडी लवकर तरंगते. मोटरवेची मर्यादा 70 मैलांची आहे. मधल्या या फरकात तुम्हाला सांभाळणारे एकच साधन उरते, ते म्हणजे पाणी बाहेर फेकणाऱ्या खोल आणि भरपूर खाचा. सेमी-स्लिकमध्ये त्या मुळातच मोजक्या आणि उथळ असतात. मित्राचे टायर वापरलेले आहेत, म्हणजे त्याहूनही उथळ.

तुमची गाडी राउंडअबाउटवर फिरली तेव्हा ती तरंगत मात्र नव्हती. तेवढ्या कमी वेगात तसे होत नाही. ती कडक, फुगलेल्या रबराची ओल्या डांबरावरची साधी घसरण होती. हे दोन प्रकार वेगळे ओळखता यायला हवेत, कारण तरंगण्यात वेग कमी करणे हाच मुख्य उपाय असतो आणि घसरणीत टायर व हवा दोन्ही बदलून खूप काही साधता येते.

आता 15 इंची चाकांकडे वळू. रुंद टायर म्हणजे जास्त रबर रस्त्यावर, ही समजूत इतकी पक्की आहे की ती कुणी तपासत नाही. वरचा हिशेब पुन्हा पाहा. त्यात रुंदी कुठेच आली नाही. रस्त्याला टेकणारे क्षेत्रफळ मुख्यतः वजन आणि हवेचा दाब यांवर ठरते. टायर रुंद केला की त्या तुकड्याचा आकार बदलतो, तो आडवा पसरतो आणि लांबीला आखडतो. जड गाडीला याचा फायदा मिळतो, कारण भार वाढत गेला की रबराची दर किलोमागची पकड घटत जाते आणि रुंद टायर तो भार पसरून घेतो. तुमच्या टायरांवर भारच इतका कमी आहे की त्या फायद्यातले फार थोडे तुमच्या पदरात पडेल. तोटे मात्र सगळे पडतील : रुंद टायर उशिरा तापतो आणि पाण्यात लवकर तरंगतो.

‘सेव्हन’च्या घराण्याचा इतिहासही अरुंद टायरच्याच बाजूचा आहे. लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी 1957मध्ये लोटस सेव्हन आणली तेव्हा किट घेतल्यास खरेदीकर वाचत असल्याने ती सुट्या भागांत विकली जाई, आणि 1973मध्ये तिचे हक्क कॅटरहॅम कंपनीकडे गेले. त्याच कॅटरहॅमने 2021मध्ये आणलेली 440 किलोची सेव्हन 170 फक्त 155 मिलिमीटर रुंद टायरांवर धावते. 155 म्हणजे आपल्या मारुती 800च्या 145 पेक्षा जेमतेम एक बोटभर जास्त, आणि मारुतीचे वजन तुमच्या गाडीहूनही शंभरेक किलो अधिक होते. ज्यांचे पोट या गाड्यांवर आहे ते इतके अरुंद टायर काटकसर म्हणून लावत नाहीत. कमी वेगातच गाडी हलकेच घसरू लागते, चालकाला आधी कळवते आणि सावरायला वेळ देते, म्हणून लावतात. तुमची ताकद त्यांच्या 84 हॉर्सपॉवरपेक्षा बरीच जास्त आहे, तेव्हा 155वर या असे मी सांगणार नाही. पण तुमचे 185 तुम्हाला कमी पडत आहेत, हे मला पटत नाही.

मापाचा आणखी एक व्यावहारिक मुद्दा आहे, आणि 13 इंचीवरून 15 इंचीवर जाणारे बहुतेक जण तो गाडी उभी केल्यावर शोधतात. 185/60 आर13 या टायरचा व्यास 552 मिलिमीटर येतो. 195/50 आर15 चा 576, म्हणजे सुमारे 4 टक्क्यांनी मोठा. यामुळे गाडी 12 मिलिमीटर वर उचलली जाईल, जे इंजिनखालच्या ऑइल संपच्या (तेलाच्या भांड्याच्या) दृष्टीने चांगलेच आहे. पण तितकेच मिलिमीटर पुढच्या चाकांवरच्या पंखांखालून कमी होतील, आणि ते पंख अगदी चाकालगत बसवलेले असतात. गिअरचे गुणोत्तर लांबल्यासारखे होऊन गाडीची चपळाई किंचित मंदावेल. आणि वेगदर्शक मागे पडेल : खरा वेग 70 असताना तो 67 दाखवेल. ब्रिटनच्या नियमांनुसार वेगदर्शकाने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचेच नसते, तेव्हा तुमचा मीटर डिजिटल असेल तर तो नव्या घेराला जुळवून घ्यावा लागेल आणि केबलवरचा असेल तर काम वाढेल. 15 इंचीवर जायचेच झाले तर 195/45 आर15 हे माप तुम्हाला जास्त जवळचे आहे. त्याचा व्यास 556 मिलिमीटरच्या आसपास येतो आणि वरचे बहुतेक प्रश्न उद्भवतच नाहीत.

‘जायचेच झाले तर’ असे म्हणण्याला कारण आहे. छोट्या मोटारी मोठ्या चाकांवर गेल्या तशी 13 इंची टायरांची मागणी आटली, आणि या मापात रस्त्यावरचे चांगले टायर शोधणे दरवर्षी थोडे कठीण होत आहे. अशा गाड्यांसाठी टायर बनवणाऱ्या एव्हॉनचा विल्टशरमधल्या मेल्कशम इथला जुना कारखानाही 2023अखेर बंद झाला. गंमत अशी की 13 इंचीत सेमी-स्लिक सहज मिळतात, कारण शर्यतवाल्यांची मागणी टिकून आहे, आणि रस्त्याचे टायर मिळत नाहीत. तुमच्या मित्रमंडळींच्या आग्रहामागे ही अडचणही काही अंशी असावी.

म्हणून मी असे सुचवतो. आधी 185/60 आर13 मध्ये ताज्या तारखेचे, मधल्या जातीचे टायर मिळतात का ते पाहा. मधली जात म्हणजे रबर मऊ, पण खाचा खऱ्याखुऱ्या. योकोहामा नेओवा एडी08आरएस, टोयो आर1आर ही नावे या जातीतली. प्रत्येक नाव प्रत्येक मापात येत नाही, म्हणून नावाचा हट्ट धरू नका. तुमच्या मापात यांतले काही मिळाले नाही तर उत्तम पावसाळी पकडीचा साधा टायर घ्या, सेमी-स्लिककडे वळू नका. टायरसोबतच्या लेबलवर ओल्या रस्त्यावरील पकडीची ए ते ई अशी श्रेणी असते. ती चाचणी तुमच्याहून कितीतरी जास्त भारावर केलेली असते, त्यामुळे ए आणि बी यांत फार कीस काढण्यात अर्थ नाही, पण ई श्रेणीचा टायर मात्र सरळ बाजूला ठेवा. ज्यांची गाडी मुळातच 195/50 आर15 वर आहे अशा वाचकांची निवड पुष्कळ सोपी आहे. त्या मापात पावसासाठी नावाजलेल्या युनिरॉयल रेनस्पोर्टसारख्या टायरांपासून वरच्या मधल्या जातीपर्यंत भरपूर वाव मिळतो.

टायर किती वजन पेलतो हे सांगणाऱ्या भारांकाची काळजी करू नका, किंवा खरे तर उलट्या दिशेने करा. 82 हा अंक म्हणजे दर टायरला 475 किलो, 80 म्हणजे 450. दोघे जण आणि सामान धरूनही तुमच्या एका चाकावर सरासरी दोनशे किलो येत नाहीत. दाब कमी ठेवला की टायरची भार पेलण्याची क्षमताही घटते, तरीही पुष्कळ उरते. उलट भिंतीवर ‘एक्सएल’ म्हणजे जादा भाराचा शिक्का असलेला टायर तुमच्या गाडीला नको. त्याची भिंत इतकी ताठ असते की इतक्या कमी वजनाखाली ती वाकतच नाही, आणि न वाकणारा टायर खड्ड्यांवर उड्या मारतो. वेगासाठी एच हे अक्षर ताशी 210 किलोमीटरला मान्यता देते आणि तुमच्या इंजिनाला ते पुरेसे आहे. व्ही किंवा डब्ल्यू मिळाले तर नाही म्हणू नका, त्यांच्यासाठी जादा पैसे मात्र मोजू नका.

मित्राच्या रिमांबद्दल इतकेच : भाव बरा असेल आणि बसत असतील तर रिम घ्या, टायर सोडा. फोर्डच्या भागांवर बांधलेल्या अशा बहुतेक गाड्यांत चार बोल्ट 108 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर असतात, पण रिमची आतली खोली आणि ब्रेक कॅलिपरला मिळणारी जागा चाक प्रत्यक्ष चढवून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवूनच तपासा. वापरलेला सेमी-स्लिक खाचा शिल्लक असूनही निकामी असू शकतो. ट्रॅकवर तापणे आणि पुन्हा गार होणे असे अनेकदा झाले की त्याचे रबर कडक होते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

आता हवेविषयी, कारण नवे टायर बसवून देणारा दुकानदारही तुम्हाला पुन्हा 30 पीएसआयवरच घरी पाठवणार आहे. त्याला दोष न देता कागदावर आकडा लिहून द्या, आणि तरीही घरी आल्यावर स्वतःच्या गेजने मोजा. शून्य ते 100 पीएसआय दाखवणारे गेज इथे कुचकामी आहे. 40च्या आत संपणारे, अर्ध्या पीएसआयच्या खुणा असलेले घ्या. तापमान दहा अंशांनी उतरले की या दाबाच्या पट्ट्यात साधारण 1 पीएसआय कमी होतो. घरगुती मोटारीत ते कळतही नाही, पण 18मधून एक गेला तर तुमच्या गाडीत नक्की कळते, म्हणून ऑगस्टमध्ये भरलेली हवा नोव्हेंबरात पुन्हा मोजायलाच हवी.

सुरुवात चारही चाकांत 19 पीएसआयवर करा. मग खडूची एक जाड रेघ टायरवर, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत, आडवी ओढा. कोरड्या, सरळ रस्त्यावर थोडे अंतर हळू चालवून खाली उतरा आणि पाहा. रेघ मधोमध पुसली गेली आणि कडांना ठळक राहिली असेल तर हवा जास्त आहे. कडांना पुसून मध्ये राहिली असेल तर कमी आहे. दोन्हीकडे सारखी फिकट झाली की तो तुमच्या गाडीचा, तुमच्या वजनाचा, त्या टायरचा आकडा. पुढच्या आणि मागच्या चाकांचे आकडे वेगळे निघाले तर दचकू नका. दर वेळी अर्ध्या पीएसआयनेच बदला आणि वहीत लिहून ठेवा. पत्नी सोबत असताना रेघ वेगळी पुसली जाईल, कारण या गाडीत एक माणूस वाढणे म्हणजे एकूण वजनात दहा टक्क्यांची भर.

नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटावा म्हणून लावलेल्या द्रवाचा पातळ थर असतो. पहिले शंभर-दीडशे मैल गुळगुळीत वाटतील, तेवढे कोरड्यात आणि सबुरीने काढा. टायर बदलल्यावर चाकांची ठेवणही मोजून घ्या. गाडी उभी करताना ती ट्रॅकसाठी लावली गेली असेल तर चाके वरच्या बाजूने आत जास्त झुकलेली असतील आणि रस्त्यावर टायर फक्त आतल्या कडेवर चालेल. मापात किंवा रिममध्ये काहीही बदल केलात तर विमा कंपनीला आधी कळवा. किट कारच्या विम्यात न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी नेमका पुढे येतो.

ट्रॅक डेबद्दल माझा आग्रह असा की पहिले वर्ष हेच रस्त्याचे टायर घेऊन जा. तुमचे फेऱ्यांचे वेळ मित्रांपेक्षा मागे राहतील. पण हे टायर कमी वेगात, आवाज करत, हळूहळू सुटतात, आणि या गाडीचा मागचा भाग कधी निघू लागतो हे अंगात मुरायला त्याहून चांगली जागा नाही. सेमी-स्लिक खूप उशिरापर्यंत धरून ठेवतो आणि सोडतो तेव्हा एकदम सोडतो. पुढच्या वर्षीही ट्रॅकची ओढ राहिली तर मित्राच्या त्या 15 इंची रिमांवर 195/45 आर15 मापाचे नवे सेमी-स्लिक चढवा आणि ते ट्रॅकपुरतेच ठेवा. तिथे त्यांना ताप मिळेल आणि तिथे ते शोभतील. हिवाळ्यात ते जमिनीवर गाडीच्या भाराखाली न ठेवता घरात, अंधारात, शून्याच्या वर तापमान राहील अशा जागी ठेवा.

पत्नींच्या भीतीबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे आणि त्यावर सल्ला मागितलेला नाही, पण एक सुचवतो. ‘आता नवे टायर घातले आहेत’ एवढ्यावर त्यांचे समाधान होणार नाही आणि होऊही नये. एखाद्या ड्रायव्हिंग शाळेच्या ओल्या स्किडपॅनवर, म्हणजे घसरणीच्या सरावाच्या मैदानावर, दोघांनी मिळून एक तासाचे प्रशिक्षण घ्या. गाडी सुटते कशी आणि सावरते कशी हे त्यांनी शेजारी बसून, सुरक्षित जागेत पाहिले, तर गाडीत परत बसायचे की नाही हे त्या स्वतः ठरवतील. जाण्याआधी मात्र चारही टायरांतली हवा मोजा, आणि वाटेत पेट्रोल पंपावर कुणी आपणहून भरून देऊ लागला तर नको म्हणा.